शब्दचर्चा : नेपथ्य, वेशभूषा, कपडेपट

प्रश्न

रंगभूमीच्या इतिहासावरचं एक अभ्यासपूर्ण इंग्रजी पुस्तक मराठीत आणतो आहे. त्यातलं एक प्रकरण संस्कृत नाटकांच्या प्रयोगावर आहे आणि दोन प्रकरणं जुन्या काळचे पोशाख आज पुन्हा कसे शिवतात यावर. अडलंय ते इथे : संस्कृत संहितेतलं 'नेपथ्य' मराठीत तसंच ठेवावं का? 'कॉस्च्युम'ला वेशभूषा, वेषभूषा, पोशाख, कपडेपट यांतलं काय घ्यावं? आणि 'पीरियड कॉस्च्युम'ला 'ऐतिहासिक वेशभूषा' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद १

नेपथ्य तसंच ठेवायचं असेल तर पहिल्याच ठिकाणी खुलासा करा. आजच्या मराठी वाचकाला नेपथ्य म्हटलं की दिवाणखाना, जिना, खिडकी दिसते. नाटकाच्या जाहिरातीत 'नेपथ्य' या शब्दापुढे ज्याचं नाव असतं, त्याने सेट केलेला असतो. संस्कृतातलं नेपथ्य हे नव्हे.

कालिदासाच्या शाकुंतलाची प्रस्तावना काढून बघा. सूत्रधार नेपथ्याकडे पाहतो आणि नटीला म्हणतो, 'आर्ये, यदि नेपथ्यविधानमवसितम्, इतस्तावदागम्यताम्.' म्हणजे, साज चढवून झाला असेल तर जरा इकडे या. सूचनेतलं नेपथ्य ही पडद्यामागची जागा, आपल्या नाटकवाल्यांचा रंगपट. बोलण्यातलं नेपथ्य हा अंगावरचा साज. एकाच ओळीत दोन अर्थ आहेत, आणि दोन्हींत सेट नाही. त्याच्याच मालविकाग्निमित्र नाटकातही नृत्याच्या परीक्षेआधी परिव्राजिका (संन्यासिनी) सुचवते की अंगांच्या हालचाली नीट दिसाव्यात म्हणून पात्रांवर नेपथ्याचा भार नसावा. तिथे सेट धरला तर वाक्याचा अर्थच लागत नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने तर चरणच दिला आहे : 'आकल्पवेषौ नेपथ्यं प्रतिकर्म प्रसाधनम्.' पाचही शब्द नटण्याचे.

मग मराठीने शब्द भलतीकडे नेला का? मला तसं वाटत नाही. भरताच्या नाट्यशास्त्र या प्राचीन ग्रंथात आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार आहेत आणि आहार्य म्हणजे नेपथ्यातून साधणारा विधी असं तो सांगतो. या नेपथ्याचे पुन्हा चार भाग आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. अलंकारात माळा, दागिने, वस्त्रं येतात. अंगरचना म्हणजे अंग रंगवणं. संजीव म्हणजे रंगभूमीवर आणलेले प्राणी. आणि पुस्त म्हणजे नाटकासाठी बनवलेल्या वस्तू : डोंगर, वाहनं, विमानं, ढाली, चिलखतं, ध्वज. आजच्या सेटचा आणि प्रॉपर्टीचा, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंचा, पूर्वज हा पुस्त. मराठीत अलंकाराचं काम वेशभूषेकडे गेलं, अंगरचनेचं रंगभूषेकडे, आणि एके काळी चौघांचं असलेलं नाव एकट्या पुस्ताकडे राहिलं. मला हा प्रवास फार मोलाचा वाटतो, आणि तुमच्या पुस्तकात तो एका परिच्छेदात तरी यायला हवा. नाहीतर 'प्राचीन नाटकांत नेपथ्य समृद्ध होतं' असलं वाक्य छापलं जाईल आणि वाचक मोकळ्या रंगमंचावर राजवाडे उभे करील.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत. एक छोटी भर. संहितेत जिथे '(नेपथ्ये)' अशी सूचना आहे, तिथे जुनी मराठी नाटकं सरळ '(पडद्यात)' लिहितात. तेच वापरा. 'नेपथ्यातून आवाज येतो' असं लिहिलंत तर आजच्या वाचकाला भिंत बोलते आहे असं वाटेल.

प्रतिसाद ३

पोशाखांच्या प्रकरणांबद्दल लिहिते, कारण हे काम मी करते.

कपडेपट म्हणजे संस्थेचा सगळा कपड्यांचा साठा आणि तो सांभाळणारा विभाग. भाड्याने मिळते ती ड्रेपरी. पोशाख म्हणजे अंगावर चढणारा एक जोड. वेशभूषा हे त्यामागचं योजनेचं काम : कुठल्या पात्राला काय, कुठला रंग, पागोटं कसं, पायांत काय. इंग्रजीत या चारही ठिकाणी 'कॉस्च्युम' येऊ शकतं. म्हणून एकच प्रतिशब्द ठरवून पुस्तकभर चालवू नका, वाक्य बघून ठरवा.

'ऐतिहासिक वेशभूषा' मी टाळीन. आपल्याकडे ऐतिहासिक नाटक म्हटलं की शिवकाल नाहीतर पेशवाई. १९३० सालचं घर दाखवणाऱ्या नाटकाचे कपडेही पीरियडच असतात, पण त्यांना कोणी ऐतिहासिक म्हणत नाही. मराठीत 'कालीन' हा प्रत्यय असताना अडायचं कशाला? शिवकालीन, एलिझाबेथकालीन. काळ ठाऊक असेल तिथे त्याचं नावच घाला. सरसकट शब्द हवा असेल तिथे 'त्या त्या काळचे पोशाख' पुरतं.

खरी सावधगिरी पुढे आहे. संग्रहालयातला एखादा अंगरखा मोजून, त्याच्या शिवणी बघून, तसाच दुसरा शिवला तर ती प्रतिकृती. मूळ कपडा उरलेलाच नाही, चित्रं आणि कागदपत्रं यांवरून शिवला तर ती पुनर्रचना. आणि नटाला दोन प्रवेशांच्या मधे झटपट बदलता यावा म्हणून दर्शनी बंद नुसते शोभेचे ठेवून आत हुक लावले, तर तो रंगमंचाचा पोशाख. तिन्ही कामं चांगली, पण पुरावा म्हणून तिघांचं वजन वेगळं. जॅनेट अर्नोल्ड (१९३२–१९९८) या इंग्रज अभ्यासक बाईंनी जुने कपडे प्रत्यक्ष मोजून त्यांचे कापाचे आराखडे काढले, तेव्हापासून या विषयाच्या पुस्तकांत हा फरक फार काटेकोरपणे पाळतात. अनुवादात सगळीकडे 'हुबेहूब पोशाख' आला तर लेखकाची मेहनत पुसली जाते.

तसंच 'दुरुस्ती' आणि 'जतन'. नाटकाचा जुना पोशाख अनेक नटांच्या अंगावरून गेलेला असतो. कंबर उसवून सैल केली की रेशमात जुन्या टाक्यांच्या भोकांची ओळ राहते. त्या ओळीवरून आधीच्या नटाचा घेर कळतो. दुरुस्ती करणारा ती झाकतो, जतन करणारा तिला हात लावत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

फार उपयोग झाला, ताई. दोन गोष्टी राहिल्या. 'पॅटर्न कटिंग'ला काय म्हणू? आणि वेश की वेष?

प्रतिसाद ३

शिंप्याचा शब्द आहेच की : बेतणे. 'कापड बेतून दे' असं रोज कानावर पडतं. कादंबरीवर 'बेतलेलं' नाटक म्हणतो तोही हाच शब्द. म्हणून वाक्य मात्र जपून करा. 'जुन्या अंगरख्यावर बेतलेला पोशाख' म्हटलं की कल्पना तेवढी घेतली असा अर्थ होतो. 'जुन्या अंगरख्याच्या मापाने बेतलेला' म्हणा. आराखड्याला पॅटर्न चालेल, सगळे तेच म्हणतात. कळी, गोट, अस्तर, बंद हे शब्द खुशाल वापरा, मराठी वाचकाला ते कळतात. बगलेत हात उचलायला सैल पडावं म्हणून जोडतात तो चौकोनी तुकडा मात्र शब्दांत सांगा.

प्रतिसाद १

संस्कृतात पोशाखाच्या अर्थी 'वेष' जास्त नेमका. नाट्यशास्त्रात शुद्ध, विचित्र आणि मलिन असे तीन वेष सांगितले आहेत, आणि अमरकोशात 'वेश' हा शब्द वेश्यांच्या वस्तीसाठी येतो. मराठीत 'वेशभूषा' रुळलेला आहे, तो बदलायचं कारण नाही. संस्कृत उताऱ्यात 'वेष', तुमच्या स्वतःच्या वाक्यात 'वेशभूषा' असं ठेवा, आणि मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो दोन्ही सारखे करून टाकील.