अलेक्झांड्रिया १९५६ साली संपली का?

दर्यावर्दी
सिकंदर, दीपस्तंभ, ग्रंथालय यांवर भरपूर लिहून झालंय. मला भुरळ आहे ती १८६० च्या दशकातल्या कापसाच्या तेजीपासून १९५६ पर्यंतच्या, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची. ग्रीक, इटालियन, ज्यू, आर्मेनियन, सीरियन सगळे एकाच गावात. कवाफी पाटबंधारे खात्यात कारकुनी करून ग्रीकमध्ये कविता लिहीत होता, तीही इथेच. १९५६ साली इजिप्तचा अध्यक्ष नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. त्यावरून युद्ध झालं आणि ब्रिटिश, फ्रेंच व हजारो ज्यूंना देश सोडावा लागला. १९६१ च्या राष्ट्रीयीकरणात ग्रीकांचे धंदे गेले. बंदर राहिलं, शहराचा स्वभाव गेला. माझ्या मते हे शहर नासरने मारलं. खोडून काढा.

चष्मेवाला
खोडतो. तेव्हा इजिप्तमध्ये परदेशी लोकांना कायद्याच्या खास 'सवलती' होत्या. परदेशी माणसाने गुन्हा केला तर खटला त्याच्या वकिलातीच्या कोर्टात. त्याच्या सरकारची संमती नसेल तर कर लावायची सोय नाही. दिवाणी दाव्यांसाठी १८७६ पासून मिश्र न्यायालयं, त्यांत बहुसंख्य न्यायाधीश युरोपीय. हे सगळं पूर्ण बंद व्हायला १९४९ उजाडलं. ज्या गावात मूळ रहिवासीच कायद्याने दुय्यम, त्याला सर्वसमावेशक म्हणायचं? आणि ११ जुलै १८८२ ला ब्रिटिश आरमाराने याच शहरावर तोफा डागल्या. ते मारणं हिशेबात धरलं नाहीत वाटतं.

कोपऱ्यातला
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गिरणगावकर
दोघेही माणसांबद्दल बोलताय, मालाबद्दल कुणीच नाही. नेपोलियन उतरला तेव्हा हे एक पडीक गाव होतं. इजिप्तचा सुभेदार मुहम्मद अलीने १८२० साली महमूदिया कालवा पुरा केला, तेव्हा नाईलचं गोडं पाणी आणि मालाच्या होड्या थेट बंदरात आल्या. वेठबिगारीवर खणलेला कालवा, हजारो मजूर मेले त्यात. १८५६ मध्ये कैरोपर्यंत रेल्वे झाली. सुएझ कालव्याआधी विलायतेहून मुंबईला येणारी टपाल इथेच उतरायची आणि जमिनीवरून सुएझला जायची.

मग १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. पैसा मुंबईत ओतला गेला तसाच इथेही. युद्ध थांबलं आणि १८६५ ला मुंबईत बॅक बे भराव कंपनीचे शेअर कोसळले, बँका बुडाल्या. इजिप्तमध्ये ते दुखणं दशकभर चिघळलं. खेदिव (म्हणजे इजिप्तचा शासक) इस्माईल कर्ज काढत राहिला, १८७६ ला दिवाळं निघालं, सावकारांमागोमाग गोरे हिशेबनीस आले आणि १८८२ ला फौज. दर्यावर्दी, तुमचं लाडकं शहर कापूस आणि सवलती या दोन पायांवर उभं होतं. सवलती नासरच्या आधीच गेल्या होत्या.

दर्यावर्दी
कापसाचं मान्य. पण हाकललेले सगळे काय दलाल होते? माल्टीज मजूर, इटालियन गवंडी, ग्रीक वाणी यांना कसल्या सवलती मिरवायच्या होत्या? कित्येक ज्यूंकडे तर कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. 'तुम्ही परके' म्हणून त्यांना काढलं तो अन्यायच. १८८२ च्या तोफांनी तो धुऊन निघत नाही.

चष्मेवाला
अन्याय होता, नाही कोण म्हणतंय? माझा आक्षेप 'स्वभाव गेला' यावर आहे. सय्यद दरवीश याच शहरातल्या कोम अल-दिक्काचा, गवंडीकाम करता करता गाणारा. आजच्या इजिप्तच्या राष्ट्रगीताची चाल त्याची. तो १९२३ ला गेला, म्हणजे ऐन तुमच्या सोनेरी काळातला, पण तुमच्या यादीत फक्त कवाफी. आणि खुद्द नासर कुठला? याच गावच्या बाकोस मोहल्ल्यात जन्मलेला, टपाल खात्यातल्या नोकरदाराचा पोरगा. २६ जुलै १९५६ चं सुएझ राष्ट्रीयीकरणाचं भाषण त्याने इथल्याच मनशिया चौकात केलं. त्यात कालवा खणणाऱ्या 'लेसेप्स'चं नाव आलं की त्याच्या माणसांनी कालव्याची कचेरी ताब्यात घ्यायची, असं ठरलेलं होतं. हा काय बाहेरून आलेला मारेकरी?

गिरणगावकर
आज तिथे पन्नास लाखांवर लोक राहतात. त्यांच्यासमोर उभं राहून 'तुमचं शहर मेलं' म्हणून दाखवा, दर्यावर्दी.

दर्यावर्दी
म्हणेन. फक्त आधी त्यांच्यातल्या म्हाताऱ्या ग्रीकांना विचारेन. थोडे अजून आहेत तिथे.