चर्चा: स्वसंरक्षणात गोळी झाडली म्हणणाऱ्यावर आरोप ठेवायचा की नाही, हे ठरवायचं कोणी?

सात रस्ता
काल कोर्टासमोर चहा पिताना बंदुकीच्या परवान्यावरून बोलणं सुरू झालं आणि अमेरिकेतल्या ट्रेव्हॉन मार्टिनच्या प्रकरणावर गेलं. तिथे वाद अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: २६ फेब्रुवारी २०१२, फ्लोरिडातलं सॅनफर्ड गाव. १७ वर्षांचा मार्टिन दुकानातून खाऊच्या गोळ्यांचं पाकीट आणि पेयाचा डबा घेऊन परत चालला होता. वसाहतीत गस्त घालणाऱ्या जॉर्ज झिमरमनला त्याचा संशय आला. त्यानं पोलिसांना फोन केला. मागे जायची गरज नाही, असं फोनवर त्याला सांगितलं गेलं. थोड्या वेळानं झटापट झाली, झिमरमननं गोळी झाडली आणि पोरगा गेला. पोलिसांनी त्याची चौकशी केली आणि सोडून दिलं. राज्यभर निदर्शनं झाली, राज्यपालांनी विशेष सरकारी वकील नेमल्या, आणि ११ एप्रिलला, म्हणजे ४५ व्या दिवशी, खुनाचा आरोप लागला. जुलै २०१३ मध्ये ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं.

निकाल बाजूला ठेवा. मला ते दीड महिने खुपतात. निःशस्त्र माणूस मेला आणि घडलेलं सांगायला फक्त मारणाराच उरला, तर त्याच्या शब्दावर प्रकरण ठाण्यातच थांबता कामा नये. आरोप ठेवा आणि न्यायालयाला ठरवू द्या. ठेवायचा नसेल तर का नाही, ते लिहून मेलेल्याच्या घरच्यांच्या हातात द्या.

मोहोळचा शेतकरी
दादा, "आरोप ठेवा, कोर्ट बघेल" हे म्हणायला सोपं आहे. आमची वस्ती गावापासून चार किलोमीटर. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, आणि घरी बायका-पोरं एकटी. दोन वर्षांत तीनदा मोटारीची केबल कापून नेली. माझ्याकडे वडिलांच्या वेळेपासून परवान्याची बारा बोअर बंदूक आहे, निवडणूक आली की ठाण्यात जमा करतो. आजवर माणसावर रोखली नाही. पण उद्या रात्री दार फोडून कोणी आत आलं आणि मी गोळी झाडली, तर तुमच्या हिशोबानं मी आधी तुरुंगात जायचं. जामिनाला एक एकर जाईल, वकिलाला दुसरा. सात वर्षांनी निर्दोष सुटलो, तर ते दोन एकर कोण परत देणार?

आणि त्या झिमरमनचं नाक फुटलं होतं, डोक्याला मागून जखमा होत्या, हे तुम्ही का सांगितलं नाही? पोरगा त्याच्या अंगावर होता, असं शेजाऱ्यानं साक्षीत सांगितलं.

सात रस्ता
जखमा होत्या, मान्य. सांगायला हव्या होत्या, चूक माझी. पण त्या खऱ्या की खोट्या, किती खोल, आधी हात कोणी उचलला, हे उघड्या न्यायालयातच तपासलं जावं एवढंच म्हणतोय. तुमच्या दारात शिरलेला चोर आणि रस्त्यानं चाललेला पोरगा, यात मला फार अंतर दिसतं.

वकील, जिल्हा न्यायालय
अंतर कायद्यालाही दिसतं. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी होत असेल, तर कलम ४१ नुसार जीव घेण्यापर्यंत हक्क जातो. नुसत्या केबलचोरीला जात नाही. चोरी करताना जिवाची किंवा जबर इजेची रास्त भीती उभी राहिली, तरच. शिवाय कलम ३७ ची मर्यादा आहेच: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच मिळत नाही.

आता मूळ मुद्दा. फ्लोरिडात २००५ साली कायदा झाला की, बळाचा वापर बेकायदा होता असं मानायला सबळ कारण असल्याशिवाय अटकच करायची नाही. खटल्यातही स्वसंरक्षणाचा मुद्दा आला की तो खोडून काढायची जबाबदारी सरकारवर. आपल्याकडे उलट: स्वसंरक्षणाचा अपवाद सिद्ध करायचा तो आरोपीनं. निःसंशय नव्हे, शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरतं, पण ओझं त्याचंच. आणि आरोपनिश्चितीच्या वेळी आरोपीचे कागद न्यायालय बघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये देवेंद्रनाथ पाढी प्रकरणात स्पष्ट केलंय. म्हणजे मोहोळचे अण्णा खरे असले तरी बहुतेक वेळा पूर्ण खटला चालवूनच बाहेर येतील.

मोहोळचा शेतकरी
तेच तर म्हणतोय की वकीलसाहेब! हक्क कागदावर, आणि तो वापरला की आधी भोगायचं.

निवृत्त फौजदार
पोलिसांच्या बाजूनं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. बत्तीस वर्षं नोकरी केली. खून झाला की दोन तासांत नातेवाईक ठाण्यासमोर बसतात आणि म्हणतात, "तीनशे दोन लावल्याशिवाय प्रेत ताब्यात घेणार नाही." आता ते कलम एकशे तीन झालंय, मागणी तीच. तपास अंमलदारानं सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा, साहेबांनी पैसे खाल्ले. मग कोण कमी लावणार? मोठं कलम लावतो आणि म्हणतो, कोर्ट बघेल. सात रस्तावाले म्हणतात तेच वाक्य. माणूस बळी जातो तो या वाक्यानं.

फ्लोरिडातही हेच झालं असं माझं मत. दबावाखाली दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा आरोप लावला. त्यात मनात दुष्ट हेतू होता हे दाखवावं लागतं, ते सरकार पक्षाला दाखवता आलं नाही. गर्दीनं कलम ठरवायचं नसतं. १९३० साली आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि चौघा स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. तेव्हा सरकारला कुणावर तरी खून बसवायचा होता. हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून जाताना मला तेच आठवतं.

वकील, जिल्हा न्यायालय
फौजदारसाहेब, हुतात्म्यांचा दाखला इथे उलटा बसतो. त्या चौघांवर दबाव सत्तेचा होता. सॅनफर्डमध्ये आवाज उठवला तो ज्यांच्याकडे सत्ता नव्हती त्यांनी. दोन्हीला एकच "दबाव" म्हणणं मला पटत नाही. कलम जास्त लागलं, यावर मात्र मी तुमच्या बाजूला आहे. संहितेच्या कलम १०१ चा दुसरा अपवाद त्याचसाठी आहे: सद्भावनेनं बचावाची मर्यादा ओलांडली, तर तो खून नव्हे. तपासात ते दिसत असेल तर दोषारोपपत्रातच लिहिण्याचं धाडस हवं.

विडी घरकुलची आई
मी कायदा शिकले नाही. घरी विड्या वळते. माझा पोरगा सतरा संपून अठराव्यात आहे, टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो. रात्री बाराला सुटतो आणि चालत येतो. थंडीत डोक्यावरून टोपीचा शर्ट ओढतो, हात खिशात घालतो. त्याला अंधारात बघून कुणाला काय वाटेल हे मी कसं सांगू? तुम्ही सगळे गोळी झाडणाऱ्याच्या घरात बसून बोलायलाय. एकदा त्या पोराच्या आईच्या घरात बसा. पंचेचाळीस दिवस तिला कोणी सांगितलं नाही की तुझ्या मुलाला मारलं ते गुन्हा होता की नव्हता.

अण्णा, तुमच्या दोन एकराचं मला वाईट वाटतं, खरंच. पण एकर परत घेता येतं.

मोहोळचा शेतकरी
ताई, तुमच्या पोराला कोणी हात लावला तर मीच आधी पळत येईन. रस्त्यावरच्या पोराच्या मागे जाऊन गोळी घालणाऱ्याची बाजू मी घेत नाही, आधीच नीट लिहायला हवं होतं. जो मागे गेला, त्याच्यावर आरोप ठेवा. जो स्वतःच्या उंबऱ्याच्या आत होता, त्याच्यासाठी मी भांडतोय.

सात रस्ता
ही रेघ मला मान्य आहे. मागे गेला की दारात उभा होता, हा पहिला प्रश्न तपास अंमलदारानं पंचनाम्यातच सोडवावा. पुंगळी कुठे पडली, रक्त उंबऱ्याच्या आत की बाहेर, फोन किती वाजता केला. तरी एक गोष्ट सोडत नाही. उंबऱ्याच्या आतला असला तरी कारण लेखी हवं.

वकील, जिल्हा न्यायालय
ती तरतूद आपल्याकडे आहे, लोकांना माहीत नसते. पोलिसांनी आरोप न ठेवता समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवला, तर तो स्वीकारण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकून घेणं दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. भगवंत सिंग प्रकरण, १९८५. फिर्यादी हरकत घेऊ शकतो, दंडाधिकारी अहवाल नाकारू शकतात. तिकडे अमेरिकेत सरकारी वकिलानं आरोप ठेवला नाही, तर न्यायालय सहसा त्याला तो ठेवायला लावत नाही.

विडी घरकुलची आई
नोटीस येते म्हणता. ती मराठीत येते का? आणि हरकत लिहून द्यायला माझ्यासारखीनं कुणाकडे जायचं?

वकील, जिल्हा न्यायालय
ताई, जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज मराठीत चालतो. तुम्हाला माहिती हवी असेल तर सोमवारी अकराला या, मी दारात थांबतो.