मोठेपणी पेन्सिल आणि कात्री हातात घेतली, त्यांचे अनुभव

शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिली की आपल्याकडे बहुतेकांची चित्रकला तिथेच थांबते. ज्यांनी त्या परीक्षा दिल्याच नाहीत, त्यांची तर त्याआधीच. मोठेपणी पुन्हा ओनाम्यापासून रेखाटन, कोलाज (कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र) शिकायला वर्गाला गेलेल्या सगळ्यांना हे आमंत्रण आहे. काय शिकवलं, कसं शिकवलं, कुठे अडलं आणि कशाने सुटलं ते सविस्तर लिहा. नव्याने जाणाऱ्याच्या उपयोगी पडेल असं हवं.

सुरुवात मीच करते. पुण्यात शनिवारी भरणाऱ्या वर्गाला मी जाते. सामान साधंच: एचबी, २बी, ४बी, ६बी पेन्सिली, कार्ट्रिज कागद, बोर्ड आणि क्लिपा. पेन्सिल ब्लेडने तासायची आणि शिसं लांब ठेवायचं, म्हणजे ती आडवी धरून छटा भरता येतात. सुरुवातीला सरांनी एकच काम दिलं. आपल्या डाव्या हाताकडे बघत राहायचं, कागदाकडे अजिबात नाही, आणि नजर जशी सरकेल तशी पेन्सिल सरकवायची. कागदावर उमटतं ते हातासारखं दिसत नाही. पण बोटाच्या पेरांवर कातडीला किती वळ्या असतात ते मी त्या दिवशी पाहिलं. एरवी आपण समोरचा हात न बघता डोक्यात बसलेला हात काढतो.

मग पितळेचा तांब्या आला. आधी पेन्सिलीने, छायाप्रकाशासकट. नंतर त्याच खिडकीच्या उजेडात त्याच तांब्याचं कोलाज, तेही फक्त वर्तमानपत्राचं. छोट्या जाहिरातींचं बारीक टायपातलं पान हातभर अंतरावरून करडं दिसतं. ठळक मथळ्यांचा भाग त्याहून गडद, रात्रीच्या फोटोचा तुकडा जवळजवळ काळा, समासाची पट्टी पांढरी. डोळे किलकिले करून तांब्याकडे बघायचं, पाच छटा ठरवायच्या, तसे कागद वेगळे काढायचे आणि मगच कात्री लावायची. पेन्सिलीने मी सावली हळूहळू गडद करत नेत असे, त्यामुळे ती नेमकी कुठे संपते हे ठरवायची वेळच येत नसे. कात्रीला ते आधी सांगावं लागतं. तांब्याच्या पोटाखाली, सावलीच्या आतच, टेबलावरून परतलेला अंधुक उजेड असतो, तो मला कागद निवडताना पहिल्यांदा दिसला. त्यानंतर पुन्हा पेन्सिलीने तोच तांब्या काढला तेव्हा तो खरोखर गोल वाटला. म्हणून ‘ज्यांना चित्र जमत नाही त्यांच्यासाठी कोलाज’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. तुमचं काय?

ठाणे, निवृत्त
आमच्या वेळी एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असत. वस्तुचित्राची तयारी म्हणजे बादली आणि वांगी. बादलीचं तोंड कसं काढायचं ते आम्ही पाठ केलं होतं, का ते माहीत नव्हतं. आता ज्येष्ठांच्या वर्गात बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्यासमोर धरला आणि सावकाश वर नेला. तोंडाचं लंबवर्तुळ चपटं होत होत डोळ्याच्या पातळीला आल्यावर नुसती रेषा उरली. तळाची कड मात्र तोंडापेक्षा जास्त गोल दिसत होती, कारण ती डोळ्यापासून जास्त खाली. इतक्या वर्षांनी बादली समजली याचा मला फार आनंद झाला. नातवाला लगेच दाखवलं.

सांगली
एक अनुभव सांगते, तो चांगला नाही. मी आधी ज्या वर्गाला जायचे तिथे दुरुस्ती करताना थेट आमच्या कागदावर रेघ ओढत. रेघ अर्थातच सुंदर असायची. पण ते चित्र मग माझं राहत नसे, घरी नेऊसं वाटत नसे. आताच्या वर्गात बाई कोपऱ्यात लहानसं करून दाखवतात किंवा वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर काढतात. वर्ग निवडताना मी आता हेच आधी बघेन. फी, खोली, सर्टिफिकेट सगळं नंतर.

कोल्हापूर, शिक्षिका
कात्रीबद्दल सगळे लिहितील, मी फाडण्याबद्दल लिहिते. मासिकाचं रंगीत पान फाडलं की एका तुकड्याला आतल्या कागदाची पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही. कोणत्या हाताने कुठल्या दिशेला ओढता यावर ते ठरतं, दोन्हीकडून फाडून बघा. रंकाळ्याच्या पाण्यावरची चमक मी त्या पांढऱ्या कडेनेच केली, वेगळा रंग लावावा लागला नाही. कातरलेली कड घर, खिडकी, होडी यांना शोभते. झाडं, ढग, डोंगर यांना फाडलेलीच बरी.

डोंबिवली
माझ्या बाबांना काचबिंदू आहे. ते आयुष्यभर पेन्सिलीने रेखाटत आले, पण आता त्यांना पेन्सिलीची रेघ दिसत नाही. कोलाजच्या वर्गाला मीच त्यांना घेऊन गेले. जाड कागदाचे आकार कापले की कड बोटाला कळते, एकावर एक चिकटवलं की चढउतार कळतो. गडद निळ्या कागदावर पिवळा तुकडा ठेवला तर तो त्यांना अजून दिसतो. वर्गातल्या सरांनी त्यांना चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींबद्दल सांगितलं. १९५६-५७ च्या सुमारास डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मुखर्जींची दृष्टी पूर्ण गेली आणि त्यानंतरही त्यांनी कागद कापून चित्रं केली. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर कात्रीला धार लावून आणायला सांगितली.

नागपूर
चिकटवल्यावर तुकडे सुरकुततात त्याबद्दल. ओलाव्याने कागद फुगतो, आणि एका दिशेला जास्त फुगतो. फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ करायचं, सपाट ब्रशने पातळ थर द्यायचा, मधून कडेकडे दाबत न्यायचं, वर बटर पेपर ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवायचं. वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं. टिकवायचं असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती कापा.

लंडन
इथे संध्याकाळच्या प्रौढ वर्गात मी आईला घातलं, ती माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा. तिला आधी संकोच होता, या वयात काय म्हणून. शिक्षिकेने तिला मेरी डिलेनीची फुलं दाखवली. या बाईंनी १७७२ च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून फुलं करायला घेतली आणि नजर अधू होईपर्यंत जवळजवळ हजार केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आईने काळा कागद मागून घेतला आणि जास्वंद केली. एका पाकळीत पाच-सहा लाल. ती आता साताऱ्यात आहे आणि शेजारणींना शिकवते.

नाशिक
मला कोलाज नाही आवडलं, हेही लिहायला हवं. मला रेघेचा वेग लागतो. गोदावरीच्या घाटावर माणसं हलत असतात, त्यांचं दोन मिनिटांत रेखाटन करायचं हा माझा आनंद. सरांनी आग्रह केला नाही, त्यांचे उपकार.

पुणे (मी)
नाशिककर, हे मनापासून पटलं. घाटावरची रेखाटनं जरूर दाखवा.

रत्नागिरी
आमच्याकडे आता मासिकं येत नाहीत, पेपरही फोनवर. मग कागद आणायचा कुठून? आम्ही स्वतः रंगवतो. फ्रेंच चित्रकार मातिस १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभं राहून रंगवू शकत नव्हता, तेव्हा त्याचे मदतनीस कागद रंगवून ठेवत आणि तो थेट कापत असे. तेच आमच्या वर्गात चालतं. पहिला अर्धा तास फक्त पोस्टर कलरने कागद रंगवायचे, दोरीवर वाळत घालायचे, मग कापायला बसायचं. ब्रशचे फराटे राहू द्यायचे, कापल्यावर तेच पाणी होतं, तेच कौल होतं. आमच्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यात आदल्या दिवशीच रंगवून ठेवा. आणि लाल जास्त करा, तोच आधी संपतो.