डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर कार्बन डायऑक्साइडचा उपचार

प्रश्न (दादर): त्वचारोगतज्ज्ञांनी डोळ्यांखाली कार्बन डायऑक्साइडची इंजेक्शने सुचवली आहेत; जो वायू आपण उच्छ्वासातून टाकून देतो, तो त्वचेखाली सोडून काय साधते?

उत्तर १: तेथे हा वायू वाढला की सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हिमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन अधिक सहजपणे सोडते, ज्याला बोर परिणाम म्हणतात. उरलेला वायू रक्तावाटे फुप्फुसांत जाऊन बाहेर पडतो.

उत्तर २: माझी वर्तुळे निळसर होती, म्हणून थोडा उजळपणा आला. पहिल्या दिवशी मात्र पापण्या इतक्या सुजल्या की लोकलमध्ये गॉगल काढवेना! सूज संध्याकाळपर्यंत उतरली.

उत्तर ३: वर्तुळे तपकिरी असतील किंवा खोलगट भागाची नुसती सावली असेल, तर फारशी अपेक्षा ठेवू नये. गरोदरपण, हृदयविकार वा फुप्फुसांचा आजार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

प्रश्नकर्ती: माझी तपकिरीच आहेत; पैसे भरण्यापूर्वी पुन्हा विचारते.