मदत हवी आहे : एकांकिकेसाठी फोमचे पहिले चिलखत – सांधे उकलतात, रंग तडकतो आणि हात वर होत नाही

नमस्कार. मी परभणीला पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. आमचा संघ यंदाच्या युवक महोत्सवासाठी एक विज्ञान-एकांकिका बसवत असून तिच्यातील मुख्य पात्राचे चिलखत तयार करण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. असे काम मी पहिल्यांदाच करत आहे. दीड महिन्यात छाती-पाठ, दोन्ही खांदे आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे दस्ताने एवढे भाग झाले आहेत. मात्र आता तीन ठिकाणी असे अडले आहे की जाणत्यांना विचारल्याशिवाय पुढचे शीट कापायला हात धजत नाही.

आधी पात्राविषयी सांगते, कारण त्यावर बरेच अवलंबून आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले, तेव्हा आम्ही सगळे प्राथमिक शाळेत होतो. तीच गोष्ट आम्ही दीडशे वर्षे पुढे नेली आहे : गुरूच्या युरोपा या उपग्रहावरचा बर्फ मराठवाड्यात उतरवणाऱ्या यानाची पहारेकरीण हे आमचे पात्र. त्यामुळे चिलखत नवेकोरे, चकचकीत नको आहे. पाण्याच्या वाघिणींसारखे गोलाकार, रिव्हेट मारलेले, ठिकठिकाणी पोचे आलेले आणि वापरून जुने झालेले दिसायला हवे. ही पहारेकरीण दोनदा जमिनीवर बसते, एकदा शिडी चढते आणि शेवटच्या प्रसंगात पाण्याचे पिंप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलते. तो प्रसंग गाळता येणार नाही, कारण सगळी एकांकिका त्याच्याकडेच जाते.

साहित्याच्या बाबतीत पहिली चूक सुरुवातीलाच झाली. यंत्रांच्या खोक्यांतून निघालेला पांढरा फोम मी भंगारच्या दुकानातून आणला. त्यावर चिकटवायचे सोल्यूशन धरेना, आणि हीट गनची झळ लागताच तो आक्रसून कडेने वितळू लागला. तो पॉलिएथिलीनचा, म्हणजे ईपीई फोम होता. चिलखताला लागतो तो इथिलीन-विनाइल ॲसिटेटचा, म्हणजे ईव्हीए फोम. चपलांच्या तळव्यांना आणि लहान मुलांच्या अक्षरांच्या जोडचटयांना तोच वापरतात. मग चप्पल बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून ६ मि.मी. जाडीचे काळे शीट घेतले आणि खेळण्यांच्या दुकानातून १० मि.मी. च्या चटया. छाती-पाठीला चटया वापरल्या, बाकीच्या भागांना शीट.

माझी आई शिवणकाम करते, म्हणून कटिंगची बाजू तिने सांभाळली. भूमिका करणाऱ्या मैत्रिणीला जुना टी-शर्ट घालून तिच्या धडाभोवती आधी क्लिंग फिल्म आणि तिच्यावर मास्किंग टेप गुंडाळली, टेपवर पेनाने चिलखताच्या रेषा आखल्या, मग ते कवच पाठीकडून कात्रीने कापून अलगद उतरवले आणि रेषांवर कापून सपाट केले. आईने ते तुकडे ब्राऊन पेपरवर उतरवून मापे घातली. हा भाग अतिशय छान झाला, आणि कागदावरून माप बसवायची ही रीत मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन.

आता अडचणी. पहिली सांध्यांची आहे. डाव्या खांद्याचा सांधा रात्री नीट जुळलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून तो भाग खाली आणला, तर सांधा बोटभर उघडलेला. दोन्ही कडांवर सोल्यूशनची पिवळसर, गुळगुळीत पापडी जशीच्या तशी होती. एका कडेवरचे दुसऱ्या कडेला लागलेलेच नव्हते. डब्यावर लिहिल्याप्रमाणे लावून पंधरा मिनिटे थांबले होते. सध्या आमच्याकडे पारा बेचाळिसाच्या वर आहे.

दुसरी अडचण रंगाची. लोखंडी फाटकाला लावतात तो चंदेरी ऑइलपेंट मी थेट फोमवर दोन हात दिला. दिसायला सुरेख दिसला. तालमीत मैत्रीण एकदा खाली बसली आणि कमरेपाशी मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडल्या. त्यांतून जोडचटईचा मूळ हिरवा रंग दिसतो.

तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. छाती आणि पाठ मी खांद्यावर व दोन्ही बगलांत कायमची चिकटवून एकसंध कवच केले आहे. हात खांद्याच्या वर नेला की सगळे कवच वर सरकते आणि गळ्याची कड हनुवटीला टेकते. आई म्हणते मुंढा, म्हणजे बाहीसाठीचा काप, खोल करू. पण मुंढा आणखी कापला तर बगलेतून टी-शर्ट दिसेल. शिवाय छातीत ते आवळते. आईने माप चुकवलेले नाही, हे मी खात्रीने सांगते; टेप लावून आम्ही तीनदा पाहिले.

आमच्याकडे थ्रीडी प्रिंटर नाही आणि तयार थर्मोप्लास्टिकची शीटे खर्चात बसत नाहीत. हीट गन एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मिळते, तीही वीज असेल तेव्हाच, कारण आमच्या इन्व्हर्टरवर ती चालत नाही. सनबोर्ड वापरण्याचा सल्ला कृपया देऊ नका. तो पीव्हीसीचा असतो आणि तापवल्यास घातक वायू सोडतो, त्यामुळे घरात मला ते नको आहे. महोत्सव पावसाळ्यानंतर आहे, म्हणजे एखादा भाग पुन्हा करायला वेळ आहे.

—

प्रतिसाद : गुलमंडी

मी छत्रपती संभाजीनगरला गेली काही वर्षे शाळा-महाविद्यालयांच्या नाटकांसाठी फोमचे काम करतो. सांध्याचे तुम्ही जे वर्णन केले आहे, त्यातच त्याचे कारण आहे. हे सोल्यूशन फोमला फोम चिकटवत नाही; दोन्ही कडांवरचे सोल्यूशन एकमेकांना धरते. त्यासाठी त्यातील द्रावक बराचसा उडालेला, पण चिकटपणा शिल्लक असलेला असा नेमका क्षण साधावा लागतो. डब्यावरची पंधरा मिनिटे आपल्या मे महिन्यासाठी लिहिलेली नाहीत. कोरड्या उष्ण हवेत, पंख्याखाली, चार-पाच मिनिटांतच वर कोरडी साय धरते आणि मग कितीही दाबले तरी सांधा नुसता जुळल्यासारखा दिसतो. घड्याळ बाजूला ठेवा आणि बोटाच्या पाठीने पाहा : तार ओढली गेली तर लवकर आहे, बोट हलकेच अडकून सुटले तर जोडा, बोट सरळ घसरले तर उशीर झाला.

माझी रीत अशी. काम सकाळी सहाच्या सुमारास करायचे. कापलेली कड सच्छिद्र असते आणि पहिला हात पिऊन टाकते, म्हणून तो पूर्ण वाळू द्यायचा. दुसरा पातळ हात दिल्यावरच जोडायचे. एकावेळी वीतभर लांबीच घ्यायची आणि एका टोकापासून चिमटीत दाबत जायचे, कारण एकदा टेकले की सरकवता येत नाही. खिडकी उघडी हवी, आणि ओल्या सोल्यूशनजवळ हीट गन अजिबात चालू करू नका. त्याची वाफ पेट घेते. तुमचा खांदा बहुधा तुम्ही सपाट जोडून नंतर तापवून वाकवला असेल. क्रम उलटा हवा : आधी तापवून हवा तो गोलवा द्यायचा, तो पूर्ण निवू द्यायचा आणि मग जोडायचे. नाहीतर फोम रात्रंदिवस सांध्याला ओढत राहतो, आणि पत्र्याच्या खोलीतल्या उन्हात ते सोल्यूशन मऊ पडले की तो जिंकतो. तयार भाग त्या खोलीत ठेवूच नका.

कटरविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, तरी सांगतो. बोथट पाते फोमला कापत नाही, फाडते. कड खडबडीत होते आणि दोन कडा अंगालगत बसत नाहीत. दोन-तीन हात लांबीचा फोम कापून झाला की मी पात्याचे टोक मोडून नवे घेतो. पाते महाग नसते, वाया गेलेली चटई महाग पडते.

रंगाचे म्हणाल, तर ऑइलपेंट वाळून कडक होतो आणि फोम वाकत राहतो. ते दोघे एकत्र नांदणार नाहीत. आधी कोऱ्या फोमवरून हीट गन भरभर फिरवा. पृष्ठभागाची छिद्रे मिटतात आणि त्यावर किंचित चमक येते, तीच खूण. मग लवचीक अस्तर द्या. मी यासाठी गच्चीवर उन्हाळ्याआधी लावतात ते ॲक्रिलिकचे वॉटरप्रूफिंग वापरतो; ते रबरासारखे ताणले जाते आणि गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. थोडे पाणी घालून पातळ तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. त्यावर ॲक्रिलिकचा काळा, आणि काळ्यावर चंदेरी रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर घासायचा. खाचांत काळा राहतो, कडा उजळतात, आणि तुम्हाला हवी तशी वापरलेली वाघीण दिसू लागते. आधीचा ऑइलपेंट खरवडत बसू नका. कमरेचा तो भाग तुम्हाला नव्याने करावाच लागेल असे मला वाटते.

—

प्रतिसाद : लातूर-कूलर

ताई, तुमच्या आईचे माप बरोबरच आहे. माझा पत्र्याचे कूलर बनवण्याचा व्यवसाय आहे आणि पत्रा वाकवताना हा हिशेब आम्हाला रोज करावा लागतो. कापडाला जाडी नसल्यासारखीच असते. तुमच्या फोमला १० मि.मी. आहे. सपाट पट्टी गोल वळवली की तिची बाहेरची बाजू ताणते, आतली आखडते, आणि मूळ लांबी फक्त मध्यावर टिकते. पूर्ण वेढ्यात आतला घेर जाडीच्या ३.१४ पट कमी होतो, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे ३१ मि.मी. छाती सव्वा इंच आवळली असेल, तर ती याच कारणाने. कागदावर घेरात ३ सें.मी. वाढवा आणि आत घालायच्या कपड्यासाठी आणखी दोन ठेवा. ६ मि.मी. च्या दस्तान्यांना सुमारे १९ मि.मी. धरा.

—

प्रतिसाद : जुनी_हत्यारे

तिसऱ्या अडचणीचे उत्तर जुन्या शस्त्रागारांत मिळते. मोगल आणि दख्खनी सैनिक अंगावर चार-आईना नावाचे चिलखत घालत. नावाप्रमाणे त्यात चार पोलादी पाटे असत : एक छातीला, एक पाठीला आणि दोन बगलांखाली. बगलेचे पाटे छातीच्या पाट्यापेक्षा आखूड असत आणि त्यांची वरची कड हातासाठी अर्धचंद्राकार कापलेली असे. चारही पाटे चामडी पट्ट्यांनी किंवा बिजागऱ्यांनी जोडत आणि आत कड्यांच्या जाळीचे चिलखत घालत. हात वर गेला की पाटे एकमेकांपासून थोडे सुटत, आणि मधल्या फटीत जाळी दिसे.

तुम्ही एकसंध कवच केले आहे, म्हणून एक हात हलला की सगळे हलते. मुंढा खोल करून हे सुटणार नाही. चार पाटे वेगळे करा, त्यांच्यात दोन-अडीच बोटांची फट मुद्दाम ठेवा, आणि आत साध्या टी-शर्टाऐवजी जाळीदार किंवा उभ्या रेघांचा काळा कपडा घाला. मग फटीतून जे दिसेल ते पोशाखाचाच भाग वाटेल, आणि कमरेपाशी वाकणारा भाग फोमऐवजी कपड्यावर गेल्याने रंग तडकण्याचे कारणही बरेचसे उरणार नाही.

—

धागाकर्ती

आपण सर्वांनी एवढे मन लावून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर लिहायला तीन आठवडे लावले, कारण आधी करून पाहायचे होते.

गुलमंडी, तुमचा अंदाज खरा होता. खांदा मी सपाट जोडूनच वाकवला होता. सकाळी सहाला, दोन हात देऊन आणि बोटाच्या पाठीने पाहून जोडलेला नवा सांधा मी मुद्दाम दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा शेजारचा फोम फाटला, पण सांधा सुटला नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे तीन हात दिलेला तुकडा मी घडी घालून रात्रभर उशीखाली ठेवला होता. सकाळी त्यावर एकही भेग नव्हती. लातूरच्या दादांचा हिशेब आईला फार पटला, आणि तिने ब्राऊन पेपरच्या कोपऱ्यात ३.१४ लिहून ठेवले आहे.

छाती-पाठ आम्ही चार पाट्यांत नव्याने कापली. बगलेच्या पाट्यांची अर्धचंद्राकार कड आईने बाहीच्या मुंढ्याचा कागद उलटा ठेवून आखली. काल तालमीत मैत्रिणीने भरलेले पिंप डोक्यावर उचलले आणि गळ्याची कड जागची हलली नाही.

आता एकच गोष्ट राहिली आहे. पाटे जोडणाऱ्या पट्ट्यांना मी टिच बटणे लावली होती, ती शिडी चढताना फोमसकट निघून येतात. तिथे काय करावे?

—

प्रतिसाद : गुलमंडी

फोमला बटण थेट लावू नका. तळहाताएवढा रेक्झिनचा तुकडा घ्या, त्यावर पट्टा आईकडून चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई घालून शिवून घ्या, आणि तो पूर्ण तुकडा पाट्याच्या आतल्या बाजूला सोल्यूशनने चिकटवा, म्हणजे ओढ एका टिंबाऐवजी सगळ्या तुकड्यावर पडेल. शिलाई चिकटवण्याच्या आधी, नंतर नव्हे. पट्ट्याला बटणाऐवजी शाळेच्या दप्तराचे प्लॅस्टिकचे बक्कल लावा. प्रयोगाआधी घाईत घट्ट-सैल करायला तेच सोयीचे पडते.