केंटकी, 1899 : कमी मते मिळालेला उमेदवार मृत्युशय्येवर गव्हर्नर कसा झाला?

मृगशीर्ष (प्रश्न)

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या 1899 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीविषयी वाचत आहे. घटनाक्रम ध्यानात आला, परंतु त्यामागील कायदा मात्र उलगडत नाही. 7 नोव्हेंबर 1899 च्या मतदानात रिपब्लिकन पक्षाचे विल्यम टेलर यांना 1,93,714 आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम गोबेल यांना 1,91,331 मते पडली, म्हणजे टेलर 2,383 मतांनी पुढे राहिले. 12 डिसेंबरला त्यांचा शपथविधीही झाला. पुढे 30 जानेवारी 1900 रोजी राजधानी फ्रँकफर्टमध्ये विधिमंडळाच्या इमारतीकडे जात असताना गोबेल यांच्यावर गोळी झाडण्यात आली, दुसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणावरच गव्हर्नरपदाची शपथ देण्यात आली आणि 3 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. पदावर असताना हत्या झालेले ते अमेरिकेतील एकमेव राज्य-गव्हर्नर मानले जातात.

माझा प्रश्न असा की, एक गव्हर्नर पदावर असताना दुसऱ्याला शपथ देण्याचा अधिकार कोणाला आणि कोठून मिळाला? 1898 चा जो निवडणूक कायदा गोबेल यांच्याच नावाने ओळखला जातो, त्याच्या आधारे हे घडले काय? आणि गोबेल यांच्या निधनानंतर पद टेलर यांच्याकडे परत न जाता गोबेल यांचे सहउमेदवार बेकहॅम यांच्याकडे का गेले?

तळटीप (उत्तर)

गोबेल यांनी आपल्याच कायद्याच्या जोरावर पद मिळवले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. घडले ते जवळजवळ उलट. 1898 च्या कायद्याने राज्यासाठी तीन सदस्यांचे निवडणूक मंडळ स्थापन केले. हे सदस्य विधिमंडळाने निवडावयाचे आणि त्यांनी प्रत्येक काउंटीतील निवडणूक अधिकारी नेमावयाचे, अशी रचना होती. विधिमंडळात डेमोक्रॅट बहुमतात असल्यामुळे तिन्ही सदस्य त्याच पक्षाचे झाले. तत्कालीन रिपब्लिकन गव्हर्नर विल्यम ब्रॅडली यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला होता, पण विधिमंडळाने तो ओलांडून कायदा संमत केला. साहजिकच हे मंडळ गोबेल यांनाच विजयी ठरवणार, असे दोन्ही बाजूंचे लोक गृहीत धरून होते.

प्रत्यक्षात डिसेंबर 1899 मध्ये मंडळाने दोन विरुद्ध एक मताने टेलर यांच्या बाजूने निकाल दिला. प्रायर आणि एलिस या दोन सदस्यांचे म्हणणे असे की, मंडळाचे काम काउंट्यांकडून आलेल्या आकड्यांची बेरीज करण्याचे आहे. त्या आकड्यांच्या मागे जाऊन मते वैध की अवैध हे तपासण्याचा न्यायिक अधिकार त्याला नाही. प्रायर हे राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाचे माजी मुख्य न्यायाधीश होते, हे येथे ध्यानात घ्यावे. पक्षाने नेमलेल्या माणसाने पक्षाच्या नेत्याविरुद्ध, तेही अशा तापलेल्या वातावरणात, मत देणे ही मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वाटते.

गोबेल यांचा मार्ग खुला झाला तो 1891 च्या राज्यघटनेतील कलम 90 मुळे. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर (म्हणजे उपगव्हर्नर) यांच्या निवडणुकीविषयी वाद उपस्थित झाल्यास त्याचा निर्णय विधिमंडळाची दोन्ही सभागृहे करतील, असे त्या कलमात म्हटले आहे. त्यासाठी सेनेटमधून तीन आणि प्रतिनिधिगृहातून आठ अशा अकरा सदस्यांची समिती चिठ्ठ्या टाकून निवडली जात असे. चिठ्ठ्या काढल्यावर समितीत जवळजवळ सगळे डेमोक्रॅटच आले. त्या काळच्या रिपब्लिकनांनी यास योगायोग मानले नाही आणि आज आपणही मानू नये, असे माझे मत आहे. या समितीने गोबेल आणि त्यांच्यासोबत लेफ्टनंट गव्हर्नरपदाचे उमेदवार जे. सी. डब्ल्यू. बेकहॅम या दोघांनाही विजयी ठरवणारा अहवाल दिला. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे: विधिमंडळाच्या निर्णयानुसार टेलर कधी निवडूनच आले नव्हते, त्यामुळे गोबेल यांच्यानंतर पद आपोआप बेकहॅम यांच्याकडे आले. बेकहॅम त्या वेळी अवघे 30 वर्षांचे होते. घटनेने गव्हर्नरसाठी घातलेली किमान वयोमर्यादाही तेवढीच.

गढीवरून

वरील विवेचन कायद्याच्या दृष्टीने अचूक आहे, पण इतका टोकाचा संघर्ष एका राज्याच्या निवडणुकीत का झाला, हे लुइव्हिल अँड नॅशव्हिल या रेल्वे कंपनीचा उल्लेख केल्याशिवाय समजणार नाही. केंटकीमध्ये या कंपनीचा प्रभाव एवढा होता की, कोणत्या विधेयकाचे काय होणार हे विधिमंडळापेक्षा तिच्या हस्तकांना आधी ठाऊक असे, अशी टीका होत असे. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले जनरल बेझिल ड्यूक हे कंपनीच्या वतीने आमदारांशी बोलणी करीत. मालवाहतुकीच्या दरांवर राज्याच्या रेल्वे आयोगाचे नियंत्रण असावे, हा गोबेल यांचा आग्रह होता. प्रचारात त्यांचा रोख टेलर यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, या कंपनीवर राहिला.

गोबेल हे कॉव्हिंग्टनचे वकील, जर्मन स्थलांतरित कुटुंबात जन्मलेले. केंटकीच्या राजकारणात तेव्हा युद्धातील जुन्या सरदारांचा आणि मोठ्या घराण्यांचा दबदबा होता, आणि फर्डे वक्तृत्व हा तेथे जवळजवळ पात्रतेचा निकष मानला जाई. गोबेल यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते; होती ती संघटना बांधण्याची शिस्त आणि वैर न विसरण्याचा स्वभाव. 1895 मध्ये कॉव्हिंग्टन येथे बँकेच्या दारात जॉन सँडफर्ड या प्रतिस्पर्ध्याशी त्यांची गाठ पडली, दोघांनीही पिस्तुले झाडली आणि सँडफर्ड मरण पावले. पहिली गोळी कोणाची, हे साक्षीदारांना निश्चित सांगता आले नाही. स्वसंरक्षणाचा बचाव टिकला म्हणून पुढचे सारे शक्य झाले, कारण केंटकीच्या घटनेनुसार प्रत्येक पदाधिकाऱ्याला आपण प्राणघातक शस्त्रांनी द्वंद्वयुद्ध केलेले नाही, अशी शपथ घ्यावी लागते. त्या प्रसंगाला द्वंद्वयुद्ध ठरवले गेले असते, तर गोबेल यांची गव्हर्नरपदाची पात्रताच संपली असती.

त्यांची उमेदवारीही अशीच वादातून आली. जून 1899 मध्ये लुइव्हिलच्या म्युझिक हॉलमध्ये भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात वॅट हार्डिन, विल्यम स्टोन आणि गोबेल असे तिघे इच्छुक होते. हार्डिन यांना रेल्वेचा पाठिंबा असल्याने त्यांना रोखण्यासाठी गोबेल यांनी स्टोन यांच्याशी समझोता केला आणि काम होताच तो मोडला. सुमारे पंचवीस फेऱ्यांनंतर उमेदवारी गोबेल यांना मिळाली, पण चिडलेल्या गटाने लेक्सिंग्टन येथे वेगळी सभा घेऊन माजी गव्हर्नर जॉन यंग ब्राउन यांना उभे केले. ब्राउन यांना सुमारे 12,000 मते पडली. टेलर यांच्या आघाडीच्या पाचपट ही मते होत, आणि त्यांतील बहुतेक एरवी डेमोक्रॅटिक पक्षाकडेच गेली असती. म्हणून मला वाटते की, गोबेल ही निवडणूक नोव्हेंबरमध्ये नव्हे, तर म्युझिक हॉलमध्येच हरले होते.

नदीपल्याड

‘गढीवरून’ यांच्या शेवटच्या विधानाशी मी सहमत आहे, मात्र त्यामुळे टेलर यांचा विजय निर्विवाद ठरत नाही, एवढे नोंदवावेसे वाटते. डेमोक्रॅटांचे दोन मुख्य आक्षेप होते. मतदानाच्या दिवशी गव्हर्नर ब्रॅडली यांनी लुइव्हिलमध्ये मिलिशिया (राज्याचे नागरी सैन्य) आणली, त्यामुळे मतदारांवर दबाव आला, हा पहिला. आणि काही काउंट्यांत इतक्या पातळ कागदाच्या मतपत्रिका वापरल्या की मत कोणाला दिले ते बाहेरून दिसत असे, हा दुसरा. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण गुप्त मतदान ही केंटकीमध्ये त्या वेळी नवीच आणि प्रयत्नाने मिळवलेली गोष्ट होती. परंतु उपाय म्हणून त्या संपूर्ण भागांतील मतेच रद्द करावयाची म्हटली, तर शिक्षा गैरप्रकार करणाऱ्यांना न होता प्रामाणिक मतदारांना होते, आणि रद्द झालेली बहुतांश मते रिपब्लिकन ठरतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्णय ज्या रीतीने झाला ती रीत. 25 जानेवारीला पूर्वेकडील डोंगराळ भागांतून सुमारे हजारभर सशस्त्र माणसे आगगाडीने फ्रँकफर्टला आणण्यात आली होती. गोबेल यांच्यावर गोळी झाडली गेल्यावर टेलर यांनी मिलिशिया बोलावली, विधिमंडळ तहकूब केले आणि ते केंटकीतीलच, रिपब्लिकन वर्चस्वाच्या लंडन या गावी भरेल असा आदेश काढला. डेमोक्रॅट आमदारांना विधिमंडळाची इमारत, नाट्यगृह, न्यायालय अशा सर्व ठिकाणी सैनिकांनी अडवले, तेव्हा त्यांनी हॉटेलमध्ये जमून, विरोधी सदस्यांच्या अनुपस्थितीत, गोबेल यांना विजयी घोषित केले. गोबेल यांनी सही केलेला आदेश मिलिशियाने परत जावे असा होता. सैनिकांनी तो मानला नाही, कारण त्यांचे वरिष्ठ टेलर यांनाच गव्हर्नर मानत होते. अशा बैठकीला विधिमंडळाचे अधिवेशन म्हणावे काय, हा प्रश्न आजही मला सुटलेला वाटत नाही. आमदारांना दारे बंद कोणी केली, हेही अर्थात त्याच प्रश्नाचा भाग आहे.

मृगशीर्ष

तिघांचेही आभार. न्यायालयांनी याविषयी काय म्हटले? आणि दोन गव्हर्नर असलेल्या त्या महिन्यांत सरकारी आदेशांना, विशेषतः माफीला, कायदेशीर किंमत काय होती?

तळटीप

फेब्रुवारीत लुइव्हिल येथे दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी तडजोडीचा मसुदा तयार केला होता. टेलर यांनी त्यावर सही करण्यास नकार दिल्याने वाद न्यायालयात गेला. एप्रिल 1900 मध्ये केंटकीच्या अपील न्यायालयाने, म्हणजे तेव्हाच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने, बेकहॅम यांच्या बाजूने निकाल दिला. घटनेने हा वाद ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाकडे दिलेला असल्याने त्या निर्णयामागील तथ्ये न्यायालय तपासू शकत नाही, असा त्याचा आशय होता. 21 मे 1900 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही टेलर विरुद्ध बेकहॅम या खटल्यात हस्तक्षेप नाकारला. सार्वजनिक पद ही मालमत्ता नव्हे, त्यामुळे ते गेल्याने संघराज्याच्या घटनेतील हक्कांचा भंग होत नाही, ही त्याची मुख्य भूमिका. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी भिन्नमत नोंदवले. ते स्वतः केंटकीचेच. टेलर इंडियानात निघून गेले आणि तेथील गव्हर्नरने त्यांना केंटकीच्या स्वाधीन करण्यास नकार दिला.

माफीविषयी आपला प्रश्न फार नेमका आहे. टेलर यांच्या प्रशासनातील सचिव केलेब पॉवर्स यांच्या कार्यालयाच्या दिशेकडून गोळी आली, असा आरोप होता. मार्चमध्ये पॉवर्स टेलर यांनी दिलेली माफीपत्रे खिशात घेऊन आगगाडीने निघाले असता लेक्सिंग्टनला पकडले गेले, आणि ती माफी कोणी मानली नाही. त्यांच्यावर चार वेळा खटला चालला. तीन वेळा दोषी ठरूनही शिक्षा वरच्या न्यायालयात टिकली नाही, चौथ्या वेळी ज्यूरीत एकमत झाले नाही. 1908 मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर ऑगस्टस विल्सन यांनी त्यांना माफी दिली, आणि या वेळी ती देणाऱ्याच्या पदाविषयी कोणालाच शंका नव्हती. पुढे पॉवर्स अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. गोळी नेमकी कोणी झाडली, हे मात्र सर्वमान्य रीतीने सिद्ध झालेले नाही.

गढीवरून

एक जोड देतो. नोव्हेंबर 1900 मध्ये उर्वरित मुदतीसाठी विशेष निवडणूक झाली. तीत बेकहॅम यांनी रिपब्लिकन जॉन यर्क्स यांचा चार हजारांहून कमी मतांनी पराभव केला. त्याआधी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावून बेकहॅम यांनी 1898 चा निवडणूक कायदा बदलून घेतला होता, त्यामुळे ही मतमोजणी जुन्या एकपक्षीय मंडळाच्या हाती राहिली नाही.