मदत हवी आहे: प्रायापिझम (इच्छा नसताना लिंग तासन्‌तास ताठ राहणं) परत परत होतोय
मी फोंड्याचा, वय ३४. झोपेसाठी ट्रॅझोडोन ही गोळी चालू होती, गेल्या महिन्यात रात्री मनात काही नसताना लिंग ताठ झालं ते ५ तास उतरलंच नाही, असह्य दुखत होतं, लाजेपायी उशीर केला ही माझी मोठी चूक, ४ तासांवर गेलं की कायमचं नुकसान होऊ शकतं हे कॅज्युअल्टीत कळलं. सुईने साचलेलं रक्त काढून फिनाइलएफ्रिनचं (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) इंजेक्शन दिलं तेव्हा बसलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, सिकल सेल (रक्ताचा आजार, त्यानेही असं होतं) टेस्ट निगेटिव्ह, व्हायग्रा वगैरे कधीच घेतली नाही. तरी आठवड्यातून दोनदा पहाटे तास-दीड तास होतंच, लघवी करून, चालून उतरतं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात युरोलॉजीची तारीख तीन आठवड्यांनी आहे. असं झालेल्या कुणाला ते थांबवायला डॉक्टरांनी काय दिलं, आणि तोवर पहाटे किती वेळ बघून सरळ कॅज्युअल्टीला निघायचं?